भाकणुकीपुढचा माईक

माझ्या बायकोच्या मते मला नसत्या चौकशांची खोड आहे. लग्नात स्पीकर लावायला गेलो तर स्पीकर लावून परत यावं, नवऱ्या मुलाच्या मामाचं आणि काकाचं बोलणं का बंद आहे ते विचारत बसू नये, असं ती म्हणते. तिचं बरोबर आहे. पण बारामतीत आमचं मंडप-स्पीकरचं दुकान वडलांपासून चालत आलेलं. उरूस, जत्रा, लग्न, दहावा, वाढदिवस, आता तर जनावरांच्या प्रदर्शनालाही बोलावतात. सगळ्यांच्या आधी आम्ही पोचायचं आणि सगळे पांगल्यावर निघायचं. मधल्या वेळात माणसानं करायचं तरी काय?

या खोडीला सगळ्यात जास्त खाद्य मिळालं ते इंदापूरच्या अंगाला, कालव्याच्या वरच्या एका गावात. कालव्याखाली ऊस, डाळिंब, पेरू, टोमॅटो. भवानीनगरवरून टेंपो घेऊन निघालं की दोन्ही बाजूंनी नुसती हिरवळ. कालवा ओलांडून वर चढलं की एकदम माळ लागतो. तिथं धनगरांची वस्ती आणि बिरोबाचं देऊळ. चैत्रात जत्रा भरते आणि जत्रेच्या दुपारी भाकणूक होते. म्हणजे भगताच्या अंगात देवाचं वारं येतं आणि तो येणाऱ्या सालाचं सांगतो. कुठल्या नक्षत्राला पाऊस कसा, बाजरी पिकेल का, जनावरांना रोगराई आहे का, आणि सगळ्यात शेवटी भुईचं. म्हणजे यंदा जमिनीचं काय म्हणणं आहे ते. लोक श्वास रोखून ऐकत असतात. भगताच्या तोंडापुढं माईक धरून जो माणूस उभा असतो तो मी, म्हणजे बारामतीचा एक मुसलमान.

माईक हातात धरायचं कारण त्या माळात आहे. देवळापुढचा मोठा माळ देवाचा. सरकारी कागदावर तो गायरान असेल, गावाच्या तोंडी मात्र देवाचा माळ. तिथला नियम असा की भुईत लोखंड जाता कामा नये. नांगर नाही, कुदळ नाही, पहार नाही. गवताला विळासुद्धा लावायचा नाही, मेंढरू तोंडानं खाईल तेवढंच त्याचं. मेंढरं कोंडायची जाळी असते, तिला वाघर म्हणतात, तिच्या मेखाही बाभळीच्या लाकडाच्या. माझ्या वडलांनी तिथं पहिल्यांदा मंडप घातला तेव्हा त्यांनी लोखंडी खुंटी ठोकायला घेतली आणि सगळी वस्ती धावत आली, ही आमच्या घरातली जुनी गोष्ट. तेव्हापासून त्या गावासाठी लाकडी मेखांचं पोतं वेगळं ठेवलेलं आहे आणि माईकचा स्टँड टेंपोतून खाली उतरत नाही.

जुने भगत होते त्यांना सगळे आबा म्हणायचे. मी त्यांना एकदा छेडलं. ‘आबा, माईकमधी बी लोखंडच हाय की. ते कसं चालतं?’

‘ते भुईत कुठं जातंय?’ आबा म्हणाले. ‘आन् गेलंच तर तुझ्या हातनं जाईल. तुझा हिशेब दुसऱ्या हापिसात.’

असे होते आबा. भाकणुकीच्या दिवशी मात्र चेष्टा बंद. सकाळी अंघोळ करून, अंगावरचं लोखंड काढून, म्हणजे चिलमीचा चिमटासुद्धा बाजूला ठेवून, अनवाणी माळावर जायचे आणि एका जागी बसून राहायचे. घोंगडी टाकायची नाही. उजव्या हाताचा तळवा भुईवर टेकवायचा. दुपारी ढोल वाजायला लागेपर्यंत तसेच. मी मंडप बांधता बांधता बघायचो. काय करतात हे? झोपतात का? एकदा न राहवून जवळ जाऊन बसलो. आबांनी डोळे उघडले आणि हळूच बोट दाखवलं. थोड्या अंतरावर गवतात टिटवी अंड्यांवर बसलेली होती.

‘उंचवट्याला घातल्यात अंडी,’ ते म्हणाले. ‘पाऊस बरा व्हईल. खोलगटात घातली असती तर कमी.’

‘मग देव काय सांगतो?’

‘देव बी हिलाच विचारतो,’ म्हणून त्यांनी भुईवर हात थोपटला. ‘ही देवाला सांगती, देव मला सांगतो, मी तुमाला सांगतो. आपुन लई खाली हाय, भाई.’

मला हे फार आवडलं. आमच्याकडं वेगळ्या रीतीनं सांगतात. माझी दादी नमाजाआधी वजूला तांब्यात मोजकं पाणी घ्यायची, आणि समोर नदी वाहत असली तरी जास्त सांडायचं नाही म्हणायची. मी लहानपणी म्हणायचो, नीरेचं पाणी आहे, आपल्या बापाचं काय जातं? ती म्हणायची, तेच विचारतील वर. आबांचं ऐकताना मला दादी आठवली आणि वाटलं, या दोघांची गाठ पडायला हवी होती. भांडले असते, पण जमलंही असतं.

आबांच्या भाकणुकीत भुईचं आलं की शब्द फिरून फिरून तेच असायचे. भुई दमलीय. तिला एक साल पडू द्या. औषधाचं पाणी कमी पाजा. कालव्याखालचे बागाईतदार पुढं बसून माना डोलवायचे, भंडारा कपाळाला लावायचे आणि दुसऱ्या दिवशी पाठीवर पंप चढवून फवारायला जायचे. मी हसायचो. पण एक गोष्ट खरी, देवाच्या माळाला कुणी हात लावला नव्हता. ऐकायचे तर तेवढंच ऐकायचे. आणि पावसाळ्यात, जेव्हा खाली सगळीकडं पिकं उभी असतात आणि मेंढरांना पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा वस्तीतल्या मेंढरांचं पोट त्या माळावर भरायचं.

आबा गेले ते दिवाळीनंतर. पुढच्या चैत्रात भाकणूक त्यांच्या मुलाकडं आली, कारण ती त्या घराण्यातच चालते. मुलगा म्हणजे चाळिशीला टेकलेला गडी, धडधाकट, हसतमुख. त्याचा जेसीबी आहे. शेततळी खोदणं, ओढे सरळ करणं, माळ फोडून बागाईत करून देणं हा त्याचा धंदा. म्हणजे आबा वर्षातून एकदा भुईला लोखंड लावू नका म्हणणार आणि मुलगा उरलेलं वर्षभर लोखंडच लावणार. बापलेकांत यावरून भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही. आबा म्हणायचे, ‘देवाचा माळ सोडून काय बी उकर.’

त्या साली मात्र गोष्ट देवाच्या माळावरच आली. गावाला भाजीपाल्यासाठी मोठी शेड बांधायची होती, आत थंड खोली, माल ठेवायला. वाईट काहीच नव्हतं त्यात. टोमॅटोचा भाव पडला की बाया रस्त्याच्या कडेला पाट्या ओतून देताना मी पाहिल्यात. पण कालव्याखाली जागा द्यायला कोण तयार होईना, बागाईत जमीन कोण सोडणार? देवाचा माळ रस्त्याला लागून, रिकामा. सरपंच शहाणा माणूस. त्यानं सभेत भांडण होऊ दिलं नाही. म्हणाला, आपण भाकणुकीला देवालाच विचारू, देव म्हणेल तसं. आता देवाचा भगत कोण, तर ज्याच्या जेसीबीनं माळ सपाट होणार तो. शेडीची कल्पनाही मुळात त्यानंच काढलेली. सगळ्या गावाला उत्तर आधीच माहीत होतं.

अडत होतं एकाच माणसाचं. भगताच्या आईचं. वस्तीत आता मेंढरं राखणारी ती एकटीच उरली होती. बाकीच्यांनी कधीच विकून टाकली. तिचा कळप लहान, कोकणात उतरणाऱ्या मोठ्या वाड्यांबरोबर, म्हणजे मेंढपाळांच्या तांड्यांबरोबर, तिला या वयात फिरणं होत नाही. माळ गेला तर येत्या पावसाळ्यात मेंढरं विकायची, दुसरी वाट नव्हती. ती यावर मुलाशी एक शब्द बोलली नव्हती. मी मुद्दाम चौकशी केली होती.

जत्रेच्या सकाळी मी वायरी सोडत होतो तेव्हा मुलगा आला. ‘चाचा, जरा ऐका,’ म्हणून मला टेंपोमागं घेऊन गेला आणि भाकणूक म्हणून दाखवायला लागला. पावसाचं त्यानं मोबाईलवर बघून ठेवलं होतं. ‘ते नक्षत्रात बसवलं की झालं,’ म्हणाला. मग माळाचं. ‘देवाला शेड चालतीय. देवळाचं अंगण तेवढं सोडा, बाकी लेकरांच्या पोटासाठी घ्या.’ दोनदा म्हणून दाखवलं. ‘बरं वाटतंय का आवाजाला?’

‘आवाजाला बरं हाय,’ मी म्हणालो. ‘पण वारं आलं तर?’

तो हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता. ‘आबांना यायचं. मला कुठलं येतंय, चाचा?’

मग त्यानं पट्टा काढला, घड्याळ काढलं, जेसीबीची किल्ली माझ्या खिशात टाकली आणि अनवाणी माळावर गेला. त्याच्या आईनं एवढंच सांगितलं होतं म्हणे, बापासारखा बस. तो थोडा वेळ बसून उठेल असं मला वाटलं होतं. सुरुवातीला त्याचा हात सारखा खिशाकडं जात होता, मोबाईल शोधत. मोबाईल घरी होता. मग त्यानं मांडी बदलली. मग टिटवी ओरडायला लागली, तो फार जवळ बसला असावा. तो उठला, लांब जाऊन बसला. ती गप्प झाली. मी मंडपावर चढलो, उतरलो, भोंगे बांधले, चहा प्यालो. तो तिथंच. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. मला राहून राहून वाटत होतं, जाऊन विचारावं काय चाललंय. पण तेवढी अक्कल मला आहे.

दुपारी ढोल सुरू झाले. पोरं गजी नाचली, भंडारा उधळला, सगळा माळ पिवळा झाला. तो देवळापुढं आला आणि घुमायला लागला. मी माईक घेऊन त्याच्या शेजारी. पावसाचं त्यानं खणखणीत सांगितलं, मृगाला धीर धरा, पुढं तिन्ही खंडांत पडंल. बाजरीचं सांगितलं. लोकांनी ‘बिरोबाच्या नावानं चांगभलं’ म्हटलं. सगळं छान चाललेलं. मग ढोल थांबले आणि सरपंच पुढं येऊन हात जोडून म्हणाला, ‘देवा, माळाचं काय करायचं?’

त्याचं घुमणं थांबलं. मग एकदम गुडघ्यावर बसला आणि दोन्ही तळवे भुईवर टेकवले. मलाही बसावं लागलं, माईक तोंडापुढं ठेवायचा तर. त्याचं तोंड माझ्या कानापासून वीतभर. इतकी वर्षं या कामात काढली, धापा टाकणारे, रडणारे, पिऊन आलेले, सगळ्यांचे श्वास मी माईकमागून ऐकलेत. याचा श्वास साधा होता. घाबरलेल्या माणसाचा. त्यानं मान माझ्याकडं वळवली, माईक चुकवून, आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं, ‘चाचा, आबा काय म्हणले असते?’

मी माईक परत त्याच्या तोंडापुढं नेला. मला बोलायचा अधिकार नव्हता.

त्यानं डोळे मिटले. आणि माईकमध्ये आला तो आवाज काही मोठा नव्हता, पण भोंग्यांनी तो खाली कालव्यापर्यंत नेला. ‘हितं लोखंड लावायचं न्हाय. शेड दुसरीकडं बांधा. म्या सांगतो, हितं लावायचं न्हाय.’

मग म्हाताऱ्या बायांनी चांगभलं केलं आणि बाकीच्यांना करावंच लागलं. सरपंच काय करणार? सगळ्यांसमोर त्यानंच विचारलेलं. त्यानं हात जोडले, भंडारा घेतला आणि शेडीसाठी जुन्या सोसायटीमागची जागा बघू म्हणाला. मागं काही जण कुजबुजत होते की भगत फिरला. तो कुणाशी न बोलता माझ्याकडून किल्ली घेऊन निघून गेला. जाताना मी त्याला एवढंच विचारलं, सकाळी बसला होतास तेव्हा काय झालं? चौकशी केल्याशिवाय माझ्याच्यानं राहवतच नाही.

‘काय न्हाय,’ तो म्हणाला. ‘लई गरम व्हतं. मग हाताला गार लागलं. मी रोज भुई फोडतो, ती आतनं तापलेली अस्ती. ही गार व्हती.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडप सोडायला गेलो. ऊन चांगलं वर आलेलं, तरी वस्तीवरची मेंढरं जाळीतच होती आणि भुकेनं ओरडत होती. भगताची आई बाहेर दगडावर बसली होती. मी तिला आक्का म्हणतो. तिनं हाक मारून चहा दिला आणि मी बशीत ओतेपर्यंत थांबली.

‘भाई, एक विचारते. तुमी त्याच्या तोंडापाशी व्हता. त्याला वारं आलं व्हतं का?’

मी बशी खाली ठेवली.

‘न्हवतं आलं तर तसं सांगा,’ ती म्हणाली. ‘देवाच्या नावानं खोटं बोलून राखल्याली जागा मला नगं. मी पंचांकडं जाऊन सांगीन आन् मेंढरं बाजारात नेईन. काल धरनं मी ती माळावर सोडली न्हाय.’

जन्मभर मी लोकांना विचारत आलो, आता मलाच कोणीतरी विचारत होतं आणि उत्तर फक्त माझ्याकडं होतं. हो म्हटलं असतं तर माळ राहिला असता, मेंढरं राहिली असती, सगळं सुखाचं. देव माझा नाही. पण दुसऱ्याच्या देवाबद्दल खोटी साक्ष द्यायची म्हणजे आणखीच वाईट, असं मला वाटलं. आणि ती बाई माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेपुढं थाप मारणं मला जमलं नसतं.

‘न्हाय, आक्का,’ मी म्हणालो. ‘वारं न्हवतं. त्यो शुद्धीत व्हता. मला विचारलं त्यानं, आबा काय म्हणले असते म्हणून. मग बोलला.’

ती जाळीकडं बघायला लागली. मेंढरांचा ओरडा चाललेलाच होता. मला वाटलं आता उठेल आणि पंचांकडं जाईल, आणि मला माझाच राग यायला लागला.

‘त्याला काय बोलायचं व्हतं?’ तिनं विचारलं. ‘तुमाला ठावं हाय?’

‘शेड चालतीय म्हणणार व्हता. सकाळी माझ्यापुढं दोनदा म्हणून दाखवलं.’

‘पाठ केल्यालं?’

‘पाठ केल्यालं.’

तिनं पदरानं तोंड पुसलं. रडत होती की घाम होता, सांगता येत नाही. ‘ह्यांचं बी असंच व्हायचं,’ ती म्हणाली. ‘घुमायचे ते ढोलानं. वारं म्हंजी काय, ते मला बी कधी कळलं न्हाय. पण घरी येऊन म्हणायचे, आज माझ्या मनातलं एक बी तोंडातनं निघालं न्हाय, दुसरंच निघालं. तवा खूश असायचे. आन् ज्या साली मनातलंच निघायचं, त्या साली जेवायचे न्हाईत. देवळात जाऊन नाक घासायचे.’

आबांना मी इतकी वर्षं नाना प्रश्न विचारले, हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

‘मग त्याला जाऊन सांगू का?’ मी म्हणालो. ‘सकाळी रस्त्यात भेटला, मान खाली घालून गेला. आपुन खोटं बोललो असं वाटतंय त्याला.’

‘नगा सांगू,’ ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. ‘भितोय न्हवं? भिऊ द्या. भितोय तवर नीट बोलंल.’

मग तिनं जाळी बाजूला केली आणि मेंढरं माळावर सोडली.